खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि त्यांचे पाच स्टार

एका अनोळखी माणसाच्या मुरगळलेल्या घोट्याची सलग आठ महिने चौकशी करणारा डॉक्टर अख्ख्या देशात एकच असेल, आणि तो लोणावळ्यात, तुंगार्लीत माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता. घोटा ठाण्याच्या एका तरुणाचा होता. रविवारी लोहगडाच्या पायऱ्या उतरताना त्याचा पाय मुरगळला, मित्रांनी त्याला दवाखान्यात आणलं, डॉक्टरांनी पट्टी बांधली, आणि जाता जाता त्या मुलानं मोबाईलवर पाच स्टार देऊन लिहिलं, 'फार गोड काका आहेत. पार्किंगची सोय उत्तम.' मग तो घरी गेला आणि डॉक्टरांना विसरला. डॉक्टरांना त्याला विसरणं जमलं नाही. त्यांनी त्या दोन वाक्यांखाली उत्तर लिहिलं, 'आपला घोटा आता कसा आहे? जिना उतरताना दुखतो का?' महिन्याभरानं त्याच उत्तराला आणखी एक ओळ जोडली, 'सूज पूर्ण उतरली का, ते कळवावे.' गणपतीत विचारलं, नवरात्रात विचारलं, आणि दिवाळीत तर त्या घोट्याला सहकुटुंब शुभेच्छा दिल्या. ठाण्याहून एकदाही उत्तर आलं नाही. "बाई, उत्तर नाही म्हणजे बरा असणार," असं डॉक्टर मला सांगत, पण सांगताना त्यांची नजर मोबाईलवरच असे.

मला बाई म्हणत, कारण मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना आणि मागच्या दोन खोल्यांत ते स्वतः. त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी नोकरीनिमित्त हैदराबादला होती. रोज सकाळी नऊला ते टाय लावून दवाखान्यात बसत. पेशंट येवो न येवो, टाय असेच. एकदा मी विचारलं, की आज तर कुणीच नाही, मग टाय कशाला? तर म्हणाले, "बाई, तुम्ही रिकाम्या वर्गात फळ्यावर वेडंवाकडं लिहाल का?"  मी खरंच लिहिलं नसतं.

रिकामा वर्ग हळूहळू झाला होता. हमरस्त्याला एक नवीन मोठा दवाखाना आला होता, दारात कारंजं असलेला. तिथले तरुण डॉक्टर मोबाईलवर रोज काहीतरी रील टाकत, त्यात गाणं वाजे, अक्षरं उड्या मारत. आमचे डॉक्टर पेशंटला आधी काय जेवलात ते विचारत, मग काल काय जेवलात ते विचारत, मग शेतात यंदा काय लावलंय ते विचारत, आणि एवढं सगळं झाल्यावर दोन गोळ्या देऊन घरी पाठवत. सलाईन मागणाऱ्याला ते एक पेला पाणी देत. एका पर्यटकानं तर एक स्टार देऊन लिहिलं होतं, 'डॉक्टर फार बोलतात. मला फक्त उलटीची गोळी हवी होती.' डॉक्टरांनी त्याखाली दिलगिरी व्यक्त केली आणि उलटी का होते हे अकरा ओळींत समजावून सांगितलं.

हे पेज वगैरे त्यांच्या मुलीनं उघडून दिलं. ती दरवर्षी येऊन त्यांना हैदराबादला चला म्हणायची आणि ते दरवर्षी म्हणायचे, "माझे पेशंट आहेत इथं." शेवटी एका वर्षी ती म्हणाली, "बाबा, हल्ली लोक आधी स्टार बघतात, मग डॉक्टर. तुम्ही मोबाईलवर दिसतच नाही, म्हणजे लोकांच्या लेखी नाहीच आहात." मग तिनं त्यांचा दवाखाना मोबाईलच्या नकाशावर आणला, टाय लावलेला फोटो टाकला आणि वर्षभर बघू या असं ठरलं. पेशंट वाढले तर बाबा इथं, नाही वाढले तर बाबा हैदराबादला. डॉक्टरांनी हे इतकं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून मोबाईल त्यांच्या स्टेथोस्कोपइतकाच गळ्यात आला. मुलीनं त्याला दोरीच लावून दिली होती.

माझं काम शुद्धलेखनाचं. प्रत्येक उत्तर टाकण्याआधी डॉक्टर जिना चढून वर येत आणि मोबाईल माझ्यासमोर असा धरत, जसा एखादा पेशंट तपासणीची बाटली धरतो. "वेलांट्या बघा, बाई." मी वेलांट्या बघत असे. मग ते चहा घेत, आणि मला माझ्या गुडघ्याबद्दल विचारत, आणि अर्ध्या तासानं आणखी एक वेलांटी शंकास्पद वाटली म्हणून पुन्हा वर येत. त्यांना शुद्धलेखन माझ्याइतकंच येत होतं, हे माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. मी ते कधी बोलले नाही. माझ्याकडे तरी दिवसातून दोनदा जिना चढून कोण येणार होतं?

रीलही झाली. मोबाईल मी धरला. मुलीनं सुचवलं होतं, की बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो टाका. डॉक्टर म्हणाले, "पेशंटचा चेहरा त्याच्या मालकीचा असतो," आणि विषय संपला. मग विषय घेतला 'तापात अंघोळ करावी का'. मी बटण दाबलं, तर डॉक्टर पासपोर्टच्या फोटोसारखे निश्चल उभे. मी म्हटलं, बोला. ते बोलू लागले ते थर्मामीटरच्या शोधापासून, आणि अंघोळीपर्यंत येईतो चौदा मिनिटं झाली होती. मधे वरून माझ्या कुकरच्या चार शिट्ट्या आल्या. रील एकूण अकराजणांनी पाहिली, त्यातले नऊ आमच्या ओळखीचे. एकानं खाली विचारलं, 'डाळीला चारच शिट्ट्या का?' डॉक्टरांनी त्यालाही उत्तर दिलं, की प्रश्न वरच्या मजल्यावर पाठवला आहे.

पण गंमत फार दिवस टिकली नाही. शनिवार-रविवारी मुरगळलेले पाय, मधमाश्यांचे डंख आणि जास्त झालेली भजी घेऊन पर्यटक येत, पाच स्टार देऊन जात, आणि स्टार जमत गेले. एका दुपारी डॉक्टर वर आले, चहा समोर घेतला आणि बराच वेळ प्यायले नाहीत. म्हणाले, "बाई, मी आज सगळे रिव्ह्यू पहिल्यापासून वाचले. अंधेरी, वाशी, ठाणे, सुरत. एकदा येऊन गेलेली माणसं सगळी. इथल्या आसपासच्या गावांतला, परंदवडीचा एक नाही. टाकव्याचा एक नाही." टाकवे बुद्रुकला ते तरुणपणी दर आठवड्याला पेशंट तपासायला जाऊन बसत, एका घराच्या पडवीत. रस्ते सुधारले, लोक तळेगावला जायला लागले, तसं ते बसणं बंद झालं. "चाळीस वर्षं ज्यांच्या छातीला नळी लावली, त्यांच्यातल्या एकालाही दोन शब्द लिहावेसे वाटले नाहीत," असं म्हणून ते उठले आणि गार चहा तसाच ठेवून खाली गेले. जिन्यावरून त्यांची पावलं इतकी सावकाश उतरली, की मला प्रत्येक पायरी मोजता आली.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते करायला नको होतं. भाचीला फोन लावला, तिनं मला नवीन खातं कसं उघडायचं ते सांगितलं, आणि मी नाव टाकलं 'सुमन, टाकवे बुद्रुक'. पाच स्टार दिले. लिहिलं, 'माझ्या मुलाला लहानपणापासून दमा होता. सगळीकडे फिरलो. या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. आज तो धावतो, पोहतो. आमचं सगळं घर त्यांचं ऋणी आहे.' आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, पण स्वतः लिहिलेला हा पहिलाच निबंध असेल जो वाचून माझेच डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तीनदा वर आले. पहिल्यांदा आले ते नुसतं दाखवायला. चेहरा असा, की बारावीचा निकाल लागलाय. दुसऱ्यांदा आले तेव्हा कपाळाला आठी होती. "सुमन. टाकवे. मुलाला दमा. बाई, मला आठवत नाहीये." मी म्हटलं, इतके पेशंट, एखादा नसेल आठवत. ते म्हणाले, "मला सगळे आठवतात." आणि ते खरं होतं. माणसांची नावं त्यांना आजारासकट, गावासकट, घरातल्या म्हशीसकट पाठ होती. तिसऱ्यांदा आले तेव्हा हात जुन्या केसपेपरांच्या धुळीनं भरलेले होते.

चार दिवस ते केसपेपर काढत राहिले. पाचव्या दिवशी नऊ वाजले तरी दवाखान्याचं शटर वर गेलं नाही. मी खाली गेले, तर डॉक्टर मागच्या खोलीत टाय न लावता बसलेले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्यांचे वडील शेवटची सहा वर्षं कुणालाच ओळखत नव्हते. स्वतःच्या मुलाला मास्तर म्हणून हाक मारत आणि सुट्टी मागत. "त्यांची सुरुवातही अशीच झाली होती, बाई. एक नाव गेलं, मग दुसरं गेलं. ज्या डॉक्टरला आपला पेशंट आठवत नाही, त्यानं कुणाला औषध देऊ नये. मुलीला कळवावं म्हणतो. दवाखाना बंद करतो."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते भलतंच. मी म्हटलं, "आधी टाकव्याला जाऊन त्या बाईंना भेटू तरी."

रविवारी त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. कान्हे फाटा येईपर्यंत सांगायचं असं मी ठरवलं होतं. फाटा आला, गेला. मग इंद्रायणीच्या पुलावर सांगायचं ठरवलं. पुलावर समोरून ट्रॅक्टर आला, डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली, आणि ट्रॅक्टरवाल्याला हात करून मला म्हणाले, "हा बारक्याचा थोरला. याला लहानपणी गोवर आला होता." त्यांना आठवत होतं, सगळं आठवत होतं, आणि तरी त्यांची बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळलेली होती.

टाकव्याच्या चौकात किराणा दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "सुमन? हितं दोगी हायेत. एक विहारामागं, एक शाळंजवळ. शाळंजवळची लगीन होऊन आत्ताच आलीया, तिला कुटलं पोर. विहारामागच्या सुमनमावशी बघा."

सुमनमावशी अंगणात भात वाळत घालत होत्या. साठीच्या पुढच्या, सडपातळ. गाडीतून उतरलेल्या माणसाकडे त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि नात आत होती तिला हाक मारली, "अगं, पानी आन. डाक्टर आल्यात." डॉक्टर अंगणातच थांबले. त्यांच्याकडे एकटक बघत म्हणाले, "सुमन. तुम्हाला साखर होती. मुलगा नाही, तीन मुली. मधली नर्स व्हायची म्हणत होती. तुमची सासू मला गोळ्या कडू लागतात म्हणून शिव्या द्यायची."

"झाली की नर्स," मावशी म्हणाल्या. "पिंपरीला असती. सासू गेली, लय वर्सं झाली."

"दमा कुणाला होता तुमच्याकडे?"

"दमा? न्हाई बा. आमच्या घरात दमा कुनालाच न्हाई."

"मोबाईलवर माझ्याबद्दल तुम्ही काही लिहिलंत?"

मावशींनी कमरेची पिशवी उघडून बटणांचा छोटा फोन दाखवला. "ह्याच्यात काय लिवनार, डाक्टर? नुस्ता घेता येतो."

नातीनं पाणी आणलं. डॉक्टर बाजेवर बसले. मग त्यांनी जे विचारलं, ते मला वाटतं इतकी वर्षं त्यांना विचारायचं होतं. "सुमन, तुम्ही यायच्या बंद का झालात?"

"आता कशाला येऊ? बरी हाय मी. तुमीच म्हनला व्हता, गोड बंद कर, रोज ओढ्यापतुर चालत जा, म्हंजे माझ्याकडं यायला लागनार न्हाई. मी जाती रोज."

"कधी सांगितलं नाहीत, बरी आहे म्हणून."

मावशी भातातून हात फिरवता फिरवता थांबल्या. त्यांना हा प्रश्न नीट कळलाच नसावा. "सांगायचं काय त्यात? आमाला वाटलं तुमाला ठाव आसंल."

डॉक्टर पाण्याचा तांब्या हातात धरून बसून राहिले. मग मला म्हणाले, "चला, शाळेजवळच्या बाईंकडे जाऊन येऊ. कदाचित तिच्या सासरी कुणाला..." आणि तांब्या हातातच घेऊन उठले. ते बघून मात्र माझा धीर सुटला. मी म्हटलं, "डॉक्टर, नका जाऊ. ती सुमन मी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी लिहिलं ते."

"आणि दमा?"

"दमाही मीच दिला."

"मुलगा?"

"मला कुठला मुलगा, डॉक्टर."

सुमनमावशी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काय समजणार? डॉक्टर पुन्हा बाजेवर बसले. मला वाटलं रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो." थोड्या वेळानं पुन्हा, जणू स्वतःलाच, "नव्हतीच ती. म्हणून आठवली नाही." मग त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, आणि खूप वेळ पुसत राहिले. मावशींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांना राग आला. लोणावळ्यापर्यंत एकही खड्डा चुकवला नाही. गाडी लावल्यावर म्हणाले, "बाई, पेशंटला खोटा रिपोर्ट दिला तर त्याला आपण काय म्हणतो? ते काढून टाका." मी काढायला गेले, तर खात्याचा पासवर्ड मला आठवेना. भाचीला विचारलं, तिला ठाऊक नव्हता. दोन दिवस मी आणि भाची फोनवर झटत होतो. त्या दोन दिवसांत डॉक्टर वर आले नाहीत. शेवटी पासवर्ड मिळाला, मी पेज उघडलं, आणि माझ्या खोट्या रिव्ह्यूखाली त्यांचं उत्तर दिसलं. काढायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. 'सुमनताई, आपल्या मुलाला भेटण्याचा योग आला नाही, पण तो पोहतो हे वाचून आनंद झाला. आपण इतकं माझ्यासाठी लिहिलंत, ते मी जपून ठेवीन. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.' एकही वेलांटी चुकलेली नव्हती. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि मग पुसून टाकलं. संध्याकाळी ते वर आले आणि कपबशी मागितल्यासारखं साधेपणानं म्हणाले, "चहा आहे का?"

त्यानंतर त्यांना स्टारचं वेड राहिलं नाही. आठवड्यातून एकदा ते गाडी काढून टाकव्याला, परंदवडीला जाऊन येऊ लागले, काम नसताना. कुणाच्या अंगणात बसत, कोण कसं आहे ते बघत. परत आल्यावर मला एकेकाची खबर देत. मला वाटतं ते त्यांचे सगळ्यात चांगले महिने होते. पण वर्ष पुरं झालं. पेशंट वाढले नव्हते, आणि मधेच त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मुलगी आली. या खेपेला त्यांनी वाद घातला नाही. जाताना दवाखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या आणि मुलीकडून पेजही माझ्या मोबाईलवर घेऊन दिलं. "कुणी विचारलं तर उत्तर द्या, बाई. माणसं ताटकळत राहायला नकोत."

म्हणून आता माझ्या मोबाईलवर वाशीची, सुरतची माणसं विचारतात, डॉक्टर रविवारी असतात का. मी लिहिते, सध्या नाहीत. पूर्ण वाक्यात लिहिते.

गेल्या आठवड्यात परंदवडीहून एक माणूस आला. कारखान्याचा गणवेश होता अंगावर, पाळी संपवून थेट आलेला दिसत होता. बंद शटरसमोर उभा राहिला, मग मला गॅलरीत बघून विचारलं, "मावशी, डाक्टर कुटं गेल्यात?"

"मुलीकडे, हैदराबादला."

"कदी येनार?"

"काही सांगता येत नाही. तुम्हाला बरं नाही का?"

"न्हाई, न्हाई. मंडळीला कावीळ झालती, उन्हाळ्यात. डाक्टर घरी येऊन बघून गेलते. ती बरी झाली. तेवडंच सांगाया आलतो."

मी त्याला वर बोलावलं, चहा दिला. म्हटलं, मोबाईलवर लिहा की, त्यांना तिकडे दिसेल. तो संकोचला. म्हणाला, "त्यात काय लिवायचं, मावशी. तुमीच सांगा." मग खाली जाऊन शटरसमोरच्या पायरीवर थोडा वेळ बसला, आणि निघून गेला.

मी लगेच हैदराबादला फोन लावला. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर माझ्या लक्षात आलं की नाव विचारायचं मी विसरलेच. ते म्हणाले, "राहू दे. डाव्या भुवईवर खूण होती?" मी म्हटलं, होती. "मग कळलं. बायको बरी झाली म्हणाला?" म्हटलं, हो. "बसला होता का जरा?" म्हटलं, चहा घेतला, मग खाली पायरीवरही बसला होता.

"ऊन होतं का पायरीवर?"

"नाही, सावली होती."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी माझ्या गुडघ्याचं विचारलं, मी त्यांच्या डोळ्यांचं, आणि फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.